भिंतीवरचा लेथ

लेथ मशीनचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो कुलथे सरांच्या तोंडातून. थट्टा नाही करत. सर दोन्ही गाल फुगवायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि ‘घर्रर्रर्र’ असा लांबलचक आवाज काढायचे; आणि आम्ही टर्नरच्या वर्गातली पोरं भिंतीकडं तोंड करून हवेत हात फिरवायचो. सरांचा दम संपला की मशीन बंद. सरांना खोकला आला की बिघाड. आज माझ्या वर्कशॉपात खरे लेथ गुरगुरत असतात, पण त्या गुरगुरण्याच्या खाली मला अजून सरांचा तो दम ऐकू येतो, आणि सरांच्या मागं पांढऱ्या कपड्यांत उभे असलेले आप्पासाहेब दिसतात. सरांना मी केव्हाच सोडून दिलं. ते बिचारे पोटासाठी गाल फुगवत होते. आप्पासाहेबांना नाही सोडलं. वय झालं की माणसानं माफ करायला शिकावं असं कीर्तनात सांगतात. मी पुढच्या रांगेत बसतो, मान डोलावतो, प्रसाद खातो, आणि घरी येऊन आप्पासाहेबांच्या नावानं एक चूळ भरून टाकतो. बायको म्हणते, “इतक्या दिसांत कापूस बी पिवळा पडतोय, तुमचा राग कसा काय पांढराशुभ्र ऱ्हायला?” तिला काय सांगू? मी त्याची निगा राखली.

त्या काळी आमचं घर अर्धं वर्ष कुलूप लावून असायचं. गाव तेलगावच्या बाजाराला पायी जाऊन येता येईल एवढ्यावर. जमीन होती, पण तिच्यात काय पिकवायचं ते दगड ठरवायचे. दसरा झाला की मुकादमाचा निरोप यायचा आणि टोळी पश्चिमेकडच्या साखर कारखान्यावर ऊस तोडायला निघायची. ट्रकात गाडी, बैल, पिठाचे डबे, तवा, गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्यावर देखरेख करत बसलेली माय. तिकडं पाचटाच्या कोपी बांधायच्या. कोपीत शिरायचं तर वाकून, आणि बाहेर यायचं तर आणखी वाकून. पहाटे मायच्या भाकरीची थाप, बैलांच्या घुंगरांचा आवाज, लांबून कारखान्याची घरघर, आणि पाळी बदलली की भोंगा. त्या भोंग्यावर माय आमटीला फोडणी टाकायची. गावाकडून भाजून-दळून आणलेला येसर, म्हणजे आमटीचा मसाला, ती फडक्यात गाठ मारून उशाखाली ठेवायची. सोनं कुणी ठेवलं नसेल एवढ्या जपणुकीनं. येसराच्या आमटीचा वास कोपीत भरला की आम्ही परमुलखात आहोत हे जिभेला खरं वाटायचं नाही. दादा, म्हणजे माझे वडील, भाकरी कुस्करून त्यावर आमटी ओतायचे, ताट वाकडं करून शेवटचा घोट प्यायचे आणि मग बोलायला सुरुवात करायचे. आमच्या टोळीत दादांइतका कमी बोलणारा माणूस नव्हता. पण आमटी पोटात गेली की चार वाक्यं यायची, आणि त्या चार वाक्यांत एक माणूस हमखास यायचा. स्टुलावरचा माणूस.

झालं होतं असं की एका हंगामात कारखान्याच्या मशिनरीतला कसला तरी शाफ्ट तुटला. गाळप बंद. उसाच्या गाड्या दारापासून पार ओढ्यापर्यंत खोळंबल्या. दादा पाणी मागायला म्हणून कारखान्याच्या वर्कशॉपात गेले, तर तिथं एक खाकी कपड्यातला माणूस स्टुलावर बसून लेथवर नवा शाफ्ट कापत होता. भोवती साहेब लोक उभे. एक साहेब त्याला चहा आणून देतोय, दुसरा बशी धरतोय. तो कुणाकडंही बघत नव्हता. लोखंडाच्या सालपटाकडं बघत होता. त्याचं नाव सय्यद मिस्त्री. दादा तिथून पाणी न पिताच आले आणि मायला म्हणाले, “आपला लिंब्या तसा झाला पायजे.”

“कसा?” माय म्हणाली.

“त्यो बसला की सगळे उभे ऱ्हायले पायजेत.”

दादांच्या आयुष्यातली ही एकुलती एक महत्त्वाकांक्षा, आणि ती माझ्या नावावर लागली. मी शाळेत बरा होतो असं नाही. गणितात मी एवढा कच्चा होतो की मास्तर मला खडू आणायला पाठवायचे आणि मी आणलेले खडूही मोजायचे. पण आप्पासाहेबांनी आमच्या भागात माळावर नवी तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली होती, टर्नरच्या वर्गाला मुलं हवी होती, आणि कुलथे सर गावोगाव फिरून मुलं गोळा करत होते. आप्पासाहेब म्हणजे आमच्याकडचं मोठं प्रस्थ: जमीन, जिनिंग, जीप आणि हात जोडायची एक खास लकब, ज्यात हात जोडले जायचे पण मान समोरच्यालाच वाकवावी लागायची. मायनं त्या दसऱ्याला कोयत्यांच्या पूजेत माझी ड्रॉइंगची पट्टी मांडली. कोयत्याला हळद-कुंकू, पट्टीला हळद-कुंकू. दादांनी दोन्हींकडं बघितलं आणि म्हणाले, “ह्यातलं एकच पुढं चालवायचं हाय घरात.” हंगाम सुरू झाला, ते दोघं गेले, आणि मी चुलत्याकडं राहून टर्नर व्हायला लागलो.

संस्थेला पत्र्याचे वर्ग होते, झेंड्याचा खांब होता, आप्पासाहेबांचा फोटो होता, आणि लेथ नव्हता. “सर, लेथ कधी येणार?” आम्ही विचारलं.

“आलाय. रस्त्यात हाय,” सर म्हणाले.

तो वर्षभर रस्त्यातच होता. पायी निघाला असता तरी पोचला असता. महिनाभरातच आप्पासाहेबांनी तोडगा काढला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर बोलावला, त्याच्या हातात कुठल्यातरी कंपनीचं कॅलेंडर दिलं, आणि त्यावरचा लेथ वर्गाच्या भिंतीवर खऱ्या आकारात काढून घेतला. चित्र मात्र देखणं होतं हां. हिरवीगार बॉडी, चंदेरी हँडल, आणि डाव्या बाजूला चक. चक म्हणजे लेथचा जबडा. त्यात लोखंड धरायचं आणि टी आकाराच्या चावीनं आवळायचं. कॅलेंडरच्या फोटोत चावी चकमध्ये लावलेली होती, म्हणून पेंटरनंही ती तशीच काढली, आणि त्याच्याकडं लाल रंग उरला होता म्हणून लाल काढली. सगळ्या मशीनवर ती चावी कुंकवासारखी उठून दिसायची. आम्ही त्या भिंतीवर शिकलो. हवेत हँडल फिरवायचं, कॅरेज पुढं, टूल आत, कट घ्या, मागं या. वर्गात आमचा सराव एवढा पक्का झाला होता की कुणी दुसऱ्याच्या हवेतल्या हँडलला धक्का दिला तर भांडण व्हायचं. खंडेनवमीला भिंतीत खिळा ठोकून लेथला झेंडूचा हार घातला. आप्पासाहेब आले, नारळ फोडला, आणि म्हणाले, “पोरांनो, देशाला कारागीर पायजेत. ते आपल्या जिल्ह्यातून जाणार.” आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात मोठ्यांदा वाजवल्या, हे आज आठवलं तरी तळहात खाजतात.

वर्ष झालं आणि हंगामातल्या सुट्टीत मी कारखान्यावर गेलो. मायनं मला बघून कोंबडी कापली. दादांनी मला बघून नवा टॉवेल काढला. दुसऱ्या दिवशी गाडी वजनाच्या रांगेत लावून, मला डोक्याला तेल चोपडायला लावून, ते मला वर्कशॉपात घेऊन गेले. सय्यद मिस्त्री स्टुलावर होता. दाढी लोखंडाच्या रंगाची, तोंडात तंबाखू, आणि डोळे असे की समोरचा माणूस किती जाडीचा आहे ते मोजताहेत.

“पोरगं टर्नर झालंय, मिस्त्री,” दादा म्हणाले. दादांना मी कधी तेवढं ताठ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

“बरं हाय,” मिस्त्री म्हणाला. “लेथ चालवला हाय ना बे?”

“रोज,” मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

“मग ह्यो तुकडा बांध, अन् तोंड साफ करून दाव.”

वर्कशॉपातली माणसं गोळा झाली. उसाच्या टोळीतल्या गड्याचा पोरगा लेथला हात लावतोय ही बातमीच होती. मी तुकडा चकमध्ये धरला, चावीनं आवळला, आणि मागं सरून बघितलं. चावी चकमध्ये, सगळं कसं जागच्या जागी. आता कुठं ते मशीन लेथसारखं दिसायला लागलं होतं. मी कुलथे सरांनी शिकवल्यासारखा पवित्रा घेतला, सवयीनं गाल फुगवून ‘घर्रर्र’ केलं, आणि दांडा ओढला.

फिरत्या चकमध्ये चावी राहिली तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, हे जगातल्या कुठल्याही टर्नरला पहिल्या दिवशी कळतं. मला कळलं तेव्हा ती मिस्त्रीच्या टोपीवरून गेली होती आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात घुसली होती. काच खळाखळा खाली आली. काटे जिथल्या तिथं थांबले. मशीन कुणीतरी बंद केलं. माझे गाल अजून फुगलेलेच होते.

“चावी काढून घ्यायला कुणी शिकवलं न्हाई का बे तुला?” मिस्त्री म्हणाला. आवाज शांत होता, ते जास्त भयंकर.

“आमच्या लेथची चावी निघत न्हाई,” मी म्हणालो.

“कावून निघत न्हाई?”

“ती रंगाची हाय. भिंतीवर.”

मला वाटलं होतं हे कारण ऐकून ते समजून घेतील. आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. वर्कशॉप असं हसलं की बाहेरचे गाडीवान आत डोकावले, मग त्यांना सांगितलं गेलं, मग ते हसले, आणि ते हसू गाड्यांच्या रांगेवरून पार ओढ्यापर्यंत गेलं. मीही थोडा हसलो, कारण एकट्यानं न हसणं बरं दिसत नव्हतं. एकटे दादा हसले नाहीत. ते खाली वाकले, काचेतून ती चावी उचलली, नव्या टॉवेलाला पुसली, मिस्त्रीच्या हातात दिली आणि म्हणाले, “पोराचं चुकलं.” बस. परत येताना सगळ्या रांगेसमोरून आम्ही चालत गेलो. कोपीजवळ आल्यावर दादांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, “उद्यापसून फडात ये.”

कोयता हातात घेतला त्या दिवशी मी ऊस तोडला नाही. मी आप्पासाहेब तोडले. प्रत्येक कांडं त्यांचं. त्यांनी मला फसवलं याचं मला फार वाटलं नव्हतं. मला कुणीही फसवतं, मी त्यासाठीच जन्मलोय. पण दादांना त्यांनी त्या रांगेतून खाली मान घालून चालायला लावलं होतं. पाचटानं हात चिरायचे, त्यात मीठ-घाम जायचा, आणि मला बरं वाटायचं. जखम ओली राहत होती. आणि तशात कुलथे सरांचा निरोप आला: तपासणीला कमिटी येणार आहे, सगळ्या मुलांनी धुतलेल्या कपड्यांत हजर राहावं. दादा म्हणाले, “काय करायचंय जाऊन?” मी म्हणालो, “एक काम ऱ्हायलंय.”

कमिटीच्या आदल्या दिवशी संस्थेत खरा लेथ आला. आप्पासाहेबांच्या कुठल्या पाहुण्याचा, ट्रॉलीत कडब्याखाली झाकून आणलेला. त्याला वायर जोडलेली नव्हती. जोडायचा विचारही नव्हता. त्यानं फक्त उभं राहायचं होतं, लग्नातल्या फेटेवाल्या पाहुण्यासारखं. प्रात्यक्षिक विचारलं तर वीज गेली म्हणून सांगायचं, असं सरांनी आम्हाला घोकून घेतलं. मी मनात माझं वेगळंच घोकत होतो.

कमिटीतले साहेब मटण जेवून, बडीशेप चघळत वर्गात आले. आप्पासाहेब हात जोडून मागं. “कुणी चालवून दाखवतं का?” एका साहेबांनी विचारलं. सर ‘वीज’ म्हणायच्या आत मी उठलो, खऱ्या लेथला वळसा घालून भिंतीपाशी गेलो आणि पवित्रा घेतला. गाल फुगवले. सुरू केलं. हवेत हँडल फिरवलं, टूल आत घेतलं, कट मारला, डोळ्यात सालपट जाऊ नये म्हणून मान वळवली, मधेच मशीन थांबवून हवेतला तुकडा हवेत मोजला, आणि मान हलवून पुन्हा घर्रर्र. मनात म्हणत होतो, घ्या आप्पासाहेब, हे तुमचं शिक्षण, बघू द्या सगळ्यांना. सरांचा चेहरा चुन्यासारखा. मी मशीन बंद केलं, कमिटीकडं वळलो आणि म्हणालो, “आमी वर्षभर ह्याच्यावरच शिकलो.”

कमिटीतले चष्मेवाले साहेब पुढं आले. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं. लाल चावीवर थांबले. आणि म्हणाले, “वा! हा तर कमी खर्चातला सिम्युलेटर झाला! विजेचा प्रश्नच नाही!”

मी आजवर बऱ्याच ठिकाणी तोंडावर पडलोय, पण इतक्या उंचावरून कधीच नाही. आप्पासाहेबांनी एक श्वास घेतला, चेहऱ्याचा रंग परत आणला, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आमचीच कल्पना, साहेब. अन् ह्यो आमचा विद्यार्थी.” फोटो निघाला. त्यात मी मधोमध आहे, तोंड उघडं, गाल अजून थोडे फुगलेले. त्यानंतर आप्पासाहेबांनी पार तलवाड्याच्या बाजूपर्यंत संस्था काढल्या आणि पेंटरला कामच काम. वेल्डिंगचं मशीन रंगवलं, ड्रिल रंगवलं, एके ठिकाणी तर जनरेटर रंगवला, धुरासकट. ह्या सगळ्याला सुरुवात मी करून दिली. सूड घ्यायला गेलो आणि माणसाचा धंदा लावून आलो.

परत कारखान्यावर गेलो ते कोयत्यासाठीच. पण गाडी वजनाच्या रांगेत लागली की दुपारी माझे पाय वर्कशॉपाकडं वळायचे. दारात उभा राहायचो. घड्याळ अजून तसंच बंद होतं, आणि तिथले लोक एकमेकांना विचारायचे, “किती वाजले?” उत्तर यायचं, “लिंब्याचे वाजले.” एक दिवस मिस्त्रीनं मला आत बोलावलं.

“माझं घड्याळ तू बंद पाडलं. आता मला घरी कवा जायाचं ते कळत न्हाई. मी जात न्हाई तवर तू बी जायाचं न्हाई. झाडू घे.”

मिस्त्री प्रेमळ वगैरे मुळीच नव्हता. त्यानं मला शिकवलं ते रागानं. कुणावर तो राग होता ते मला पुढं कळलं. “भिंतीवर शिकवत्यात हरामखोर,” असं तो लेथशी बोलल्यासारखा बोलायचा आणि मग मला एक टपली मारायचा. पहिला धडा चावीचा. त्यानं चावीला सुतळी बांधली आणि ती माझ्या गळ्यात अडकवली. चकला लावायची तर वाकून, गळ्यातूनच लावायची. काढल्याशिवाय मान सरळ करता येत नाही. हंगामभर ती लोखंडी चावी माझ्या छातीवर होती. जेवताना ती आमटीच्या ताटात डोकावायची. माय म्हणायची, “ताईत तरी हलका असतोय.” दादा काही म्हणायचे नाहीत, पण मी वाकलो की त्यांची नजर त्या चावीबरोबर खाली जायची आणि चावीबरोबर वर यायची. पुढच्या हंगामात मी फडात गेलो नाही. वर्कशॉपात हेल्पर लागलो. त्याच्या पुढच्या किती हंगामांनंतर मिस्त्री स्टुलावरून उठला आणि मी बसलो ते सांगत नाही, बढाई वाटेल. तो निवृत्त झाला तेव्हा जाताना ते स्टूल मला देऊन गेला. पुढं मी गावाकडं स्वतःचं वर्कशॉप टाकलं, आणि त्या स्टुलावर आता तिथं दादा बसतात. डोळे गेल्यात जमा आहेत, कान शाबूत, कारण नसताना रोज येतात.

आज जिकडं तिकडं कौशल्याचे बोर्ड लागलेत. पोरांना टी-शर्ट देतात, बॅग देतात, शेवटी टाळ्या वाजवायला लावतात. आणि कंपनीवाले मला फोन करतात, “लिंबाजीराव, एखादा टर्नर आहे का हो?” टर्नर गावोगाव आहेत. लेथला हात लावलेला मागाल तर नाही. चालवणारी पोरं आम्ही बिहारातून आणतो, आणि ती दिवाळी-छठला गावी गेली की परळीपासून माजलगावपर्यंत लेथवर धूळ बसते. गेल्या दिवाळीतही तसंच झालं. आणि नेमका त्याच दिवसांत, कापूस ऐन भरात असताना, आप्पासाहेबांच्या जिनिंगचा मुख्य शाफ्ट तुटला. वर आभाळ भरून आलेलं. जिनिंगच्या दारापासून माझ्या वर्कशॉपाच्या पुढंपर्यंत कापसाच्या ट्रॉल्या उभ्या, ताडपत्र्या टाकून, वर शेतकरी बसलेले. सकाळी त्यांचा मॅनेजर तुटके तुकडे घेऊन आला. मी म्हणालो, “मालकाला पाठवा.” हे वाक्य मी इतकी वर्षं तोंडात घोळवलं होतं की ते बाहेर पडताना गुळगुळीत झालं होतं.

आप्पासाहेब आले. म्हातारे झालेत, काठी आलीय, पण हात जोडायची लकब तीच. वर्कशॉपवाला लिंबाजीराव हे नाव त्यांच्या कानावर होतं, पण त्यांनी मला ओळखलं नाही. एवढी वर्षं मी ज्याच्या नावानं चुळा टाकल्या त्या माणसाला माझा चेहराही आठवत नव्हता.

“सिम्युलेटर,” मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. “आरं! तू त्यो! आपलाच विद्यार्थी!” मग ट्रॉल्यांकडं वळून मोठ्यांदा, “ह्यो आमच्या संस्थेत घडलाय बरं का!”

माझा हात आधीच खडूकडं गेला होता. मी वर्कशॉपाच्या भिंतीवर त्यांचा शाफ्ट काढला, मापासकट, झकास, आणि म्हणालो, “घ्या. तयार हाय. उचला.”

“थट्टा नको लिंबाजीराव. आभाळ आलंय.”

“तुमच्या संस्थांतून एवढे टर्नर निघाले. एखादा बोलवा की.”

एक शेतकरी ट्रॉलीवरून उतरला, मग दुसरा. मी शाफ्टच्या शेजारी लेथ काढला. चक काढला. चावी काढली, आणि मार्किंगच्या डब्यातला लाल रंग बोटानं लावून ती लाल केली. “शाफ्ट मी आत्ता करतो,” मी म्हणालो. “आधी तुमी ह्यो चालवा.”

मी शाफ्ट करणारच होतो. त्या ट्रॉल्यांवरची माणसं माझीच होती. पण हे आप्पासाहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आभाळाकडं बघितलं, ट्रॉल्यांकडं बघितलं, काठी मॅनेजरच्या हातात दिली, आणि अंगठीवाला हात हवेत फिरवायला लागले.

“आवाज,” मी म्हणालो.

“काय?”

“आवाजाबिगर चालत न्हाई त्यो.”

आणि आप्पासाहेबांनी गाल फुगवले. शेतकरी सुटलेच. “आप्पासाहेब, सालपट उडंल, डोळं झाका!” “कट लई खोल घेतला!” “शाफ्ट बारीक झाला बघा मालक, आता सुईच निघंल!” ते हसू ट्रॉल्यांच्या रांगेवरून मागं मागं गेलं, आणि मी ते शेवटच्या ट्रॉलीपर्यंत जाईस्तोवर ऐकलं. सांगतात की सूड घेतल्यावर माणसाला रितं रितं वाटतं. मला पोट भरून जेवल्यासारखं वाटलं. त्यांचा दम संपला, खोकला लागला, तरी मी थोडं थांबलो. मग म्हणालो, “बस.”

आता माझी पाळी. बघ्यांनी दार भरलेलं, आप्पासाहेब घाम पुसत माझ्या लेथच्या अगदी समोर उभे. मी झटक्यात टॉवेल खांद्यावर टाकला, लोखंडाची कांब चकमध्ये धरली, आवळली, आणि साऱ्या जिल्ह्याकडं बघावं तसं सगळ्यांकडं बघत दांड्याला हात घातला.

“लिंब्या,” मागून स्टुलावरनं दादांचा आवाज आला. “चावी.”

माझा हात जागच्या जागी थिजला. चावी चकमध्ये होती, भिंतीवरच्यासारखी ऐटीत, आणि तिचं टोक आप्पासाहेबांकडं. दादांना दिसत नाही. तिची जागेवर ठेवल्याची खणखण ऐकू आली नव्हती, तेवढंच. मी चावी काढली, ठेवली, खणखण झाली, आणि मग मशीन सुरू केलं. दुपारपर्यंत शाफ्ट दिला. पावसाच्या आधी सगळ्या ट्रॉल्या आत गेल्या. जाताना आप्पासाहेबांनी हात जोडले आणि चुकून मानही वाकवली.

संध्याकाळी घरी येसराची आमटी होती. दादांनी ताट वाकडं केलं, शेवटचा घोट घेतला. मी वाट बघत होतो. आमटीनंतर ते बोलतात.

“दादा,” मी म्हणालो, “एवढी घाई कावून केली बोलायची? क्षणभर उशिरा बोलला असता, तर नेमकी त्येच्यावरच गेली असती.”

दादांनी मिशीवरून हात फिरवला.

“चांगली चावी हाय,” ते म्हणाले. “वाकली असती.”